शार्लट मेसन पद्धत शिकायची आहे, पण कशावरून? पालकांचे नेहमीचे प्रश्न

मुलांना घरी शिकवायचा विचार सुरू झाला की आठवड्याभरात शार्लट मेसन हे नाव कानावर येतं आणि पुढच्या आठवड्यात मोबाइलवर ढीगभर पानं उघडी असतात. कुणी पुस्तक सुचवतं, कुणी अभ्यासक्रम विकतं, कुणी तीन महिन्यांचा कोर्स. मुलाला काय शिकवायचं ते राहिलं बाजूला, आधी आपण ही पद्धत शिकायची कशावरून, इथेच गाडं अडतं. तिथे अडलेल्या आईबाबांचे हे प्रश्न. उत्तरं थोडी एकतर्फी आहेत, ती तशीच ठेवली आहेत. दहा पर्याय मांडून "तुम्हाला रुचेल ते घ्या" म्हणणारी पानं पुष्कळ आहेत.

या मेसनबाई कोण? आणि पद्धत थोडक्यात काय?

जन्म १ जानेवारी १८४२, वेल्समधल्या बँगरजवळचा. वर्दिंगला लहान मुलांच्या शाळेत आणि पुढे चिचेस्टरच्या शिक्षिका-प्रशिक्षण महाविद्यालयात त्यांनी शिकवलं. ब्रॅडफर्डला दिलेल्या व्याख्यानांचं १८८६ मध्ये 'होम एज्युकेशन' हे पुस्तक झालं. १८८७ मध्ये पालकांची संघटना उभी राहिली, तीच पुढे पीएनईयू (पेरेंट्स नॅशनल एज्युकेशनल युनियन) या नावाने ओळखली गेली. १८९० मध्ये 'पेरेंट्स रिव्ह्यू' हे मासिक निघालं आणि १८९२ मध्ये इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशात, अँबलसाइड गावी, शिक्षिका घडवणारी संस्था सुरू झाली. टपालाने अभ्यासक्रम पाठवणारी शाळाही त्यांनी चालवली. हिंदुस्थानात नोकरीला आलेल्या इंग्रजांच्या घरीही तो अभ्यासक्रम पोचत असे. १९२३ मध्ये अँबलसाइडलाच त्या गेल्या.

पद्धतीचा गाभा सोपा आहे. मूल म्हणजे रिकामं भांडं नव्हे, ते जन्मतःच पूर्ण माणूस असतं, म्हणून त्याला विचारांनी भरलेली, विषयावर जीव असलेल्या माणसाने लिहिलेली 'जिवंत' पुस्तकं द्यायची. उतारा एकदाच वाचायचा आणि मुलाने तो आपल्या शब्दांत सांगायचा, याला नॅरेशन म्हणतात. धडे छोटे, लहानांना पंधरा-वीस मिनिटांचे. जोडीला निसर्गाची वही, चित्रं, संगीत, कविता, हस्तकला. दुपार मोकळी. नंबर आणि बक्षिसांचं आमिष नाही.

मी सुरुवात कुठून करू? कुणी म्हणतं मूळ सहा खंड वाचा, कुणी म्हणतं त्यावरची सोपी पुस्तकं वाचा.

मूळ खंडांतून. पण सहाच्या सहा नव्हे आणि ओळीनेही नव्हे.

मेसनबाईंचे सहा खंड आज कॉपीराइटमुक्त आहेत, इंटरनेटवर फुकट मिळतात. सहाही एकाच कामाचे नाहीत. पहिला, 'होम एज्युकेशन', नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. दुसरा मासिकातल्या लेखांचा, सुटासुटा वाचता येतो. तिसरा, 'स्कूल एज्युकेशन', साधारण नऊ ते बारा वयोगटासाठी. चौथा, 'अवरसेल्व्ज', मुळात मोठ्या मुलांनीच वाचायचा. पाचव्यात स्वभावाच्या गोष्टी आहेत, रागीट मूल, विसराळू मूल वगैरे. सहावा त्यांच्या मृत्यूनंतर, १९२५ मध्ये आला. आयुष्यभर केलेल्या कामानंतर नक्की काय टिकलं, काय पटलं, ते त्यात आहे.

मूल नऊच्या आतलं असेल तर पहिला खंड घ्या, मोठं असेल तर सहावा. दोन्ही बाबतींत सहाव्याच्या आरंभी दिलेले २० मुद्दे आधी वाचा. चार-पाच पानांचा मजकूर आहे, पण पुढे कुठलंही पुस्तक, कोर्स किंवा पॅक तपासायला तीच मोजपट्टी लागते.

पहिल्या खंडाचे सहा भाग आहेत. वाचताना क्रम मोडला तरी चालतं. दुसरा भाग मोकळ्या हवेतल्या आयुष्याचा आणि पाचवा प्रत्यक्ष धड्यांचा; बहुतेक पालकांना हे दोन आधी हवे असतात. तिसऱ्या-चौथ्या भागात सवयींचं प्रकरण आहे. तिथे मेंदूविषयी जे लिहिलंय ते एकोणिसाव्या शतकातलं विज्ञान आहे, ते त्या काळाचं म्हणून सोडून द्यायचं.

आता महत्त्वाचं. ही पद्धत शिकायची तर याच पद्धतीने शिका. दोन-तीन पानं एकदाच वाचा, पुस्तक मिटा आणि काय वाचलं ते मराठीत मोठ्याने सांगा. ऐकायला कुणी नसेल तर वहीत सहा-सात ओळी लिहा. पहिले काही दिवस हे फार जड जातं, कारण खुणा करत, अधोरेखित करत, "नंतर परत बघू" म्हणत वाचायची आपल्याला सवय असते. मुलाकडून आपण नेमकं काय मागणार आहोत ते या जड जाण्यातूनच कळतं. आठवड्याला दहा पानं धरली तर पहिला खंड आठ-नऊ महिन्यांत संपतो. त्या काळात दुसरं काही विकत घेतलं नाही तरी काही बिघडत नाही.

त्यांचं इंग्रजी झेपत नाही. वाक्य अर्ध्या पानाचं असतं.

खरं आहे. व्हिक्टोरियन वळणाचं इंग्रजी आहे आणि मधेमधे त्या काळच्या कवींचे, पाद्रींचे, जर्मन शिक्षणतज्ज्ञांचे दाखले येतात. यावर दोन-तीन वाटा आहेत. अँबलसाइडऑनलाइन या संकेतस्थळावर सहाही खंड मूळ स्वरूपात आहेत आणि आजच्या सोप्या इंग्रजीत केलेलं रूपांतरही आहे. एखादं पान अडलं तर रूपांतर बघा, मग मूळ पानावर परत या. सहाव्या खंडाचा 'माइंड टू माइंड' नावाचा संक्षेप कॅरन ग्लास यांनी २०१५ मध्ये केलाय, तोही चांगला आहे. शिवाय मोठ्याने वाचून बघा. ती लांबलचक वाक्यं व्याख्यानातली आहेत. डोळ्यांपेक्षा कानाला ती लवकर कळतात.

म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं वाचूच नयेत?

वाचा की. पण पहिल्या खंडाची शे-दीडशे पानं झाल्यावर. मग लेखक कुठे मेसनबाईंचं सांगतोय आणि कुठे स्वतःचं घुसवतोय ते ओळखता येतं.

या पद्धतीला दुसरा जन्म मिळाला तो अमेरिकेत. १९८४ मध्ये सुझन शेफर मकॉली यांचं 'फॉर द चिल्ड्रन्स सेक' आलं आणि १९८९ मध्ये कॅरन अँड्रिओला व त्यांच्या पतीच्या खटपटीतून सहा खंड पुन्हा छापले गेले. मकॉलींचं पुस्तक छोटं आणि उबदार आहे. उत्साह देतं, पण उद्या सकाळी काय करायचं ते त्यातून कळत नाही. एकच पुस्तक विकत घ्यायची ऐपत असेल तर मी कॅरन ग्लास यांचं नॅरेशनवरचं 'नो अँड टेल' (२०१८) सांगेन. वेगवेगळ्या वयाच्या मुलांची खरी नॅरेशन्स त्यात छापली आहेत, अडखळलेली, अर्धवटसुद्धा. आपल्या मुलासारखंच अडखळणं वाचताना जीव भांड्यात पडतो.

मराठीत काही आहे का?

मेसनबाईंचे खंड मराठीत वाचायला मिळतील या आशेवर थांबू नका. पण मराठी पालकाच्या हाताशी काहीच नाही असंही नाही. पुण्याचं 'पालकनीती' मासिक मूल, पुस्तक आणि घर यांवर वर्षानुवर्षं गंभीरपणे लिहीत आलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला जे केलं, गवतापानांतून, बियांतून, गाण्यांतून शिकवलं, ते वाचलं तर मेसनबाईंचा निसर्गाचा भाग चटकन कळतो. घराणं वेगळं आहे, त्या दोघींची मुळं माँटेसोरी आणि गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याकडे जातात. आपल्या मातीत मूल कसं शिकतं ते बघायला मात्र त्यांच्याइतकं जवळचं कुणी नाही.

फुकटचा अभ्यासक्रम घेऊ की विकतचा?

आधी फुकटचा उघडून बघा. अँबलसाइडऑनलाइन हा स्वयंसेवकांनी चालवलेला, बारा इयत्तांचा, पूर्ण मोफत अभ्यासक्रम आहे. ३६ आठवड्यांचं वर्ष, बारा-बारा आठवड्यांची तीन सत्रं, कुठल्या आठवड्यात कुठलं प्रकरण, सगळं मांडलेलं. जुनी पुस्तकं बरीच असल्याने ती फुकट वाचता येतात. तोटा म्हणजे भार जास्त. पहिल्या इयत्तेची यादी बघूनच धडकी भरते आणि यादीतलं सगळं करायचंच या हट्टापायी पालक जानेवारीत दमून जातात.

सिंपली शार्लट मेसन नवख्यांना सोप्या भाषेत समजावतं. काही साहित्य मोफत, बाकी विकतचं. धार्मिक मजकूर नको असेल तर वाइल्डवुड नावाचा मोफत अभ्यासक्रम आहे. अल्व्हिअरी हा शुल्क भरून सदस्य व्हायचा प्रकार. आखणी नेटकी आहे, पण पुस्तकं अमेरिकेतून मागवायची म्हटलं की पुस्तकाच्या किमतीला टपालखर्च गाठतो.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी यातलं काहीही जसंच्या तसं चालवू नका. आठवड्याचं वेळापत्रक कसं रचलंय तेवढं घ्या. कुठल्या वयाला किती पानं, इतिहास किती वेळा, कविता कधी. चौकट त्यांची ठेवा, पुस्तकं तुमची भरा.

मूळ शाळेत प्रत्यक्ष काय शिकवत होते ते बघायला मिळेल का?

मिळेल, आणि मला तर हीच सगळ्यात मजेची जागा वाटते. अँबलसाइडच्या आर्मिट संग्रहालयात मेसनबाईंचे आणि संघटनेचे कागद जपलेले आहेत. त्यांतले पुष्कळसे स्कॅन करून मोफत उपलब्ध केलेत. जुन्या सत्रांचे अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका, 'पेरेंट्स रिव्ह्यू'चे अंक. प्रश्नपत्रिका जरूर बघा. "अमक्याबद्दल तुला काय माहीत आहे ते सांग", असल्या धाटणीचे प्रश्न. रिकाम्या जागा भरा नाही, जोड्या लावा नाही. कुणी 'मेसन पद्धतीचं' म्हणून वर्कशीट विकायला आलं की ही प्रश्नपत्रिका मनात आणायची.

पॉडकास्ट, यूट्यूब, इन्स्टाग्राम?

पॉडकास्ट चालेल. 'अ डिलेक्टेबल एज्युकेशन' हा २०१५ मध्ये तीन अमेरिकन बायकांनी सुरू केलेला पॉडकास्ट एकेका विषयावर खंड उघडून बोलतो, स्वयंपाक करता करता ऐकता येतो. यूट्यूबवर दुसऱ्याच्या घरचा एखादा धडा बघून घ्या आणि बंद करा. इन्स्टाग्रामवरून ही पद्धत शिकता येत नाही. तिथे दिसते ती लाकडी टेबलावरची जलरंगांची पेटी आणि तागाचा फ्रॉक घातलेली मुलगी. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, शेजारच्या ड्रिलिंगच्या आवाजात, मळकट वहीवरही हे शिक्षण तितकंच होतं.

एखादं साधन खरंच या पद्धतीचं आहे की नुसतं नाव चिकटवलंय, हे कसं ओळखायचं?

पहिली खूण, विचार कोण करतंय? पॅकमध्ये प्रश्न तयार, उत्तरांचे पर्याय तयार, चित्र तयार, मुलाने फक्त रंगवायचं, तर मुलाच्या वाट्याला काय उरलं? दुसरी खूण, सगळे विषय एकाच दोऱ्यात ओवलेत का? मेसनबाईंच्या काळीही ही टूम होती. एका शाळेने रॉबिन्सन क्रूसो धरला आणि भूगोल, चित्रकला, गणितसुद्धा क्रूसोचंच केलं, याची त्यांनी सहाव्या खंडात चांगली खिल्ली उडवलीय. आज आपल्याकडे हेच भाद्रपदात येतं. मोदक मोजा, मोदक रंगवा, मोदकाचं स्पेलिंग लिहा. गंमत म्हणून एक दिवस ठीक आहे. पण धागे मुलाने स्वतः जोडायचे असतात, आपण जोडून दिले की त्याला करण्यासारखं काही राहत नाही.

आणखी एक. सांगणारा खंड आणि पान देतो का? "शार्लट मेसन म्हणायची की..." असं म्हणून इंटरनेटवर वाटेल ते खपतं.

ही ख्रिश्चन पद्धत आहे ना? आम्हाला चालेल?

बाई श्रद्धाळू अँग्लिकन होत्या. बायबलचे धडे त्यांच्या वेळापत्रकात होते आणि त्यांच्या तत्त्वज्ञानाला देवाचा आधार आहे. हे लपवून पद्धत विकणाऱ्यांपासून सावध राहा. आजचे बहुतेक अमेरिकन अभ्यासक्रमही त्याच श्रद्धेतून आलेत, काही मूळ बाईंपेक्षा जास्तच.

पण नॅरेशन, छोटे धडे, चांगली पुस्तकं, निसर्ग हे कुणाच्याही घरात चालतं. बायबलच्या जागी काय, हे ज्याचं त्याने ठरवावं. कुणी ज्ञानेश्वरीची एक ओवी आणि तुकोबांचा एक अभंग घेतात, कुणी बुद्धाच्या गोष्टी, कुणी ती जागा मोकळी ठेवतात. आमच्या ओळखीतल्या ख्रिस्ती मराठी कुटुंबांना तर काहीच बदलावं लागत नाही.

यादीतला इतिहास इंग्लंडचा आहे. त्याचं काय करू?

इथे खरं काम आहे, आणि ते दुसरं कुणी करून देणार नाही. अँबलसाइडऑनलाइनच्या पहिल्या इयत्तेत एच. ई. मार्शल यांचं १९०५ चं 'अवर आयलंड स्टोरी' आहे. इंग्रज मुलांसाठी इंग्लंडची गोष्ट. सुंदर रंगवून सांगितलीय. पण १८५७ वर आलं की आपण तटबंदीच्या दुसऱ्या बाजूला असतो. ती गोष्ट इंग्रजांच्या शौर्याची आहे.

हे पुस्तक वगळा, हरकत नाही. मात्र वगळून त्या जागी पाठ्यपुस्तकातला सारांश बसवला तर पद्धतच गेली. त्या जागी तितकंच जिवंत काही हवं, आणि मराठीत ते आहे. १८५७ चंच बघा. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत निघाले आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत होते. 'माझा प्रवास' हे त्यांनी नंतर लिहून ठेवलं आणि १९०७ मध्ये ते छापून आलं. लुटालूट, तहान, पळापळ, आणि कर्ज फेडायला निघालेल्या एका गरीब भटजीची जिवाची भीती. लहानांना देऊ नका, कत्तलीची वर्णनं आहेत. बारा-तेराच्या पुढे, तुम्ही आधी वाचून, निवडक भाग मोठ्याने. मोठ्या मुलाला मार्शलबाईंचं प्रकरण आणि गोडसे भटजींची पानं एकापाठोपाठ द्या आणि दोन्हींचं नॅरेशन घ्या. इतिहास कोण सांगतंय यावर तुम्हाला वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

लहानांसाठी शिवकालातल्या गोष्टींपासून सुरुवात करा. ती माणसं, ते गड मुलांच्या ओळखीचे असतात आणि पावसाळा संपला की एखादा गड पायाखालीही येतो.

मराठी 'जिवंत पुस्तक' ओळखायचं कसं?

मधलंच कुठलंतरी पान उघडा आणि मोठ्याने वाचा. मी दोन नमुने रचून दाखवतो.

एक: "जांभूळ हे एक उपयुक्त झाड आहे. त्याची फळे औषधी असतात. आपण झाडांचे रक्षण केले पाहिजे."

दोन: "पहिल्या सरीआधी दारातल्या जांभळाखालून जायची सोय नसे. टाचा जांभळ्या, फरशी जांभळी, धोतराचे सोगे जांभळे. आजी झाडाला रोज शिव्या घाली आणि रोज परडी घेऊन खाली बसे."

पहिल्यातलं मूल काय सांगणार? तीच तीन वाक्यं, नाहीतर काहीच नाही. दुसऱ्यावर ते म्हणेल, आजीला झाड आवडायचं की नाही? आणि हा प्रश्न छापलेला नव्हता. दुसऱ्या नमुन्यात माहितीही कमी नाही. फळ कधी पिकतं, डाग कसा पडतो, सगळं आलंय, फक्त उपदेश नाही.

मराठी बालसाहित्यात उपदेशाचा सोस फार. शेवटच्या ओळीत "तात्पर्य" असलेली पुस्तकं खुशाल बाजूला ठेवा, किंवा ती ओळ वाचूच नका. चांगलं शोधायला बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक उत्तम. १९७१ पासूनचं मासिक आहे आणि जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. अगदी लहानांसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर मराठी गोष्टी आहेत, दर्जा कमीजास्त, निवडून घ्या. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं हातात धरून बघण्यासारखी. जुन्या, कॉपीराइट संपलेल्या पुस्तकांसाठी मराठी विकिस्रोत. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन आता मुक्त आहे. आणि गावातलं वाचनालय विसरू नका. तिथल्या बालविभागाच्या मागच्या कपाटात, ज्याला वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही, तिथे खजिना असतो.

नॅरेशन कसं घ्यायचं ते समजावणारं साधन सांगा.

'नो अँड टेल' वर सांगितलंच. पण सगळ्यात चांगलं साधन म्हणजे चिऊ-काऊची गोष्ट. मूल सहाचं झालं असेल तर एकदा नीट, न थांबता सांगा आणि म्हणा, "आता तू सांग." साधारण असं येतं:

"कावळ्याचं घर ना, शेणाचं होतं. मग पाऊस आला मोठ्ठा. गेलं वाहून. मग तो म्हणाला चिऊताई चिऊताई दार उघड. ती म्हणाली थांब, बाळाला अंघोळ घालते. मग म्हणाली थांब, बाळाला तीट लावते. आणि तो भिजतच होता. मग झालं."

इथे जीभ आवरायची. "आणि चिमणीचं घर कशाचं होतं, विसरलास?" हे ओठांवर येतं, ते गिळायचं. मेणाचं घर त्याने सोडलं, पण भिजणारा कावळा त्याला दिसला. मधे टोकलं की पुढच्या वेळी ते तुमच्या चेहऱ्याकडे बघत सांगतं. दुरुस्ती करायचीच तर संपल्यावर, एकच. सहाच्या आधी मागणी करू नका, आपणहून सांगितलं तर ऐका. लेखी नॅरेशन दहाच्या आसपास, घाई नको.

मुलाला दोन भाषा येत असतील तर पुस्तक इंग्रजी आणि नॅरेशन मराठीत, हे बेलाशक चालू द्या.

निसर्गासाठी कोणती पुस्तकं घेऊ?

मेसनबाई लिहितात, एप्रिल ते ऑक्टोबर, बऱ्यापैकी हवा असलेल्या प्रत्येक दिवशी मुलांना चार, पाच, सहा तास बाहेर ठेवा. हे चंद्रपूरच्या आईने एप्रिलमध्ये केलं तर मुलाला उन्हाची झळ लागायची. आपलं वेळापत्रक उलटं. उन्हाळ्यात पहाटे आणि सूर्य कलल्यावर, पावसाळ्यात उघडीप बघून, खरे लांब दिवस दिवाळी ते शिमगा.

अमेरिकन यादीत अ‍ॅना कॉमस्टॉक यांचं १९११ चं जाडजूड 'हँडबुक ऑफ नेचर स्टडी' असतंच. मुलाला काय विचारावं, कसं बघायला लावावं, हे शिकायला ते अप्रतिम आहे, पण त्यातले पक्षी न्यूयॉर्कच्या परसातले. फुकट उतरवून घ्या, रीत उचला. पक्ष्यांसाठी सालिम अली यांचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' (पहिली आवृत्ती १९४१) आणि मोबाइलवर मर्लिन. हे मोफत अ‍ॅप आवाजावरून पक्षी ओळखतं आणि ते कॉर्नेल विद्यापीठाचं आहे, जिथे कॉमस्टॉकबाई शिकवत. तुमच्या स्वतःच्या वाचनासाठी दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र'. महिन्यामहिन्याचं झाडांचं आणि आभाळाचं रूप त्यात आहे, ज्या महिन्यात असाल त्याच महिन्याचं प्रकरण वाचा. मारुती चितमपल्ली मोठ्या मुलांसाठी.

वही मात्र साधी, कोरी. छापील 'नेचर जर्नल' नको.

चित्रं आणि संगीत?

एका सत्रात एकच चित्रकार, त्याची पाच-सहा चित्रं. राजा रविवर्मा, एम. व्ही. धुरंधर यांनी सुरुवात करा. साताऱ्याकडे जाणं झालं तर औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात मूळ चित्रं बघता येतात. संगीतात पाश्चात्त्य रचनाकारांच्या जागी एक गायक किंवा एक राग धरा आणि महिनाभर तोच घरात वाजू दे. कोर्सची गरज नाही.

गणित?

गोष्टीरूप गणित बाईंना मान्य नव्हतं. वस्तू हाताळत, समजून, छोट्या धड्यांत, रोज. बालभारतीची पुस्तकं मोफत उतरवता येतात, तेवढ्यावर भागतं.

मूल चार वर्षांचं आहे. आत्ता काय घेऊ?

काहीही नाही. औपचारिक धडे सहानंतर. तोवर खेळ, माती, गाणी, गोष्टी, आणि तुम्ही पहिला खंड वाचा.

ही उच्चभ्रूंची फॅशन वाटते.

आज तशी दिसते खरी. पण १९१४ मध्ये यॉर्कशायरमधल्या ड्रिग्लिंग्टन या खाणकामगारांच्या गावातल्या सरकारी शाळेने हाच अभ्यासक्रम घेतला, आणि खाणकामगारांची मुलं तीच पुस्तकं ऐकून तितकंच छान सांगू लागली. बाईंना या गोष्टीचा फार अभिमान होता. सहाव्या खंडाचा रोख तोच आहे, हे शिक्षण सगळ्यांसाठी.

एकटीने वाचणं होत नाही. गट कसा चालवावा?

चार-पाच जणी पुरे. महिन्यातून दोनदा, दर वेळी दहा-बारा पानं. नियम एकच, चर्चेआधी एकीने पुस्तक न उघडता नॅरेशन करायचं, बाकीच्यांनी सुटलेलं भरायचं. "माझा मुलगा ऐकतच नाही" हा विषय शेवटच्या पंधरा मिनिटांत. तो आधी निघाला की पुस्तक उघडत नाही.

आम्ही परदेशात आहोत.

आधी तिथला कायदा बघा. इंग्लंडमध्ये घरी शिकवायला मुभा आहे, अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळे, जर्मनीत शाळा सक्तीची. शाळा चालू ठेवूनही संध्याकाळी वीस मिनिटं मराठी पुस्तक आणि मराठीत नॅरेशन करता येतं. रविवारच्या मराठी शाळेपेक्षा भाषा यातून जास्त टिकते, असं माझं मत.

आणि दहावीचं काय?

हा प्रश्न घरातले मोठे विचारतात, त्यामुळे उत्तर तयार ठेवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घालणाऱ्या पालकांना शिक्षेची तरतूद नाही, आणि घरच्या शिक्षणासाठी वेगळे नियमही नाहीत. दहावीसाठी एनआयओएस ही राष्ट्रीय मुक्त शाळा आहे. वय १४ पूर्ण लागतं, मराठी माध्यम मिळतं. राज्य मंडळाची परीक्षा खासगीरीत्या द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म. अटी आणि तारखा त्या त्या वर्षी मंडळाच्या संकेतस्थळावर तपासा, कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशावर विसंबू नका. पुस्तकं एकदा ऐकून अचूक सांगायची सवय झालेल्या मुलाला पाठ्यपुस्तक अवघड जात नाही. प्रश्नपत्रिकेची वेळ सांभाळायचा सराव मात्र शेवटच्या वर्षी वेगळा करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी बाजारातला साधा प्रश्नसंच चालतो.